पात संपली की पाठ सरळ

मागं बसलेल्यांना आवाज येतोय ना? मग पंखे एका नंबरनं कमी करा, म्हणजे मला ओरडावं लागणार नाही.

नमस्कार परभणीकर. सकाळी जालन्याहून गाडीत बसले, परतूर, सेलू, मानवत रोड करत इथं उतरले. स्टेशनवर घ्यायला आलेल्या तुमच्या कार्यकर्त्यानं बॅग हातात घेता घेताच सांगून टाकलं, 'ताई, जगात जर्मनी, भारतात परभणी.' मी म्हटलं, आज त्यात थोडी इटलीही घ्यायची आहे. तो हसला, आणि रिक्षात बसल्यावर हळूच विचारलं, 'ताई, स्वयंपाकावर बोलणार का?' त्याचा दोष नाही. पत्रिकेवर विषय छापलाय 'टोमॅटो आणि टीम'.

स्वयंपाकावर नाही बोलणार. पण टेबलावर हे जे ठेवलंय ते स्वयंपाकघरातलंच आहे. भांड्याच्या दुकानात मिळतं. गोल फिरवायचं, टिकटिक करत उलटं येतं, वेळ भरली की किणकिणतं. आत्ता मी ते २५ मिनिटांवर लावते. ते वाजलं की मी हातातलं वाक्य संपवून थांबणार आणि तुम्ही सगळ्यांनी उठून पाच मिनिटं पाय मोकळे करायचे. व्याख्यानात असं कुणी करत नाही हे मला माहीत आहे. पण ज्याबद्दल बोलायचं ते करून दाखवायचं नाही, हे मला जमत नाही.

आता इटली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सेस्को चिरिल्लो नावाचा एक तरुण तिकडं कॉलेजात शिकत होता. पुस्तक उघडायचं, मन भटकायचं, दिवस जायचा. आपल्या लातूरच्या, नांदेडच्या अभ्यासिकांमध्ये बसलेल्या पोरांना हे वेगळं सांगायला नको. त्यानं स्वयंपाकघरातला टायमर उचलला. तो टोमॅटोच्या आकाराचा होता. स्वतःला म्हणाला, हा वाजेपर्यंत तरी मन लावून बसतो. त्यातूनच पुढं पद्धत तयार झाली: २५ मिनिटं एकच काम, पाच मिनिटं सुट्टी, असे चार फेरे झाले की १५ ते ३० मिनिटांची मोठी सुट्टी. इटालियनमध्ये टोमॅटोला 'पोमोदोरो' म्हणतात, म्हणून ही पद्धत जगभर पोमोडोरो या नावानं गेली.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा २५ या आकड्यापाशी थांबले. आपल्याकडं दिवसाच्या ६० घटका असायच्या. चोवीस तासांचे ६० भाग करा, एक घटका २४ मिनिटांची होते. लग्नात मुहूर्ताला घटिकापात्र ठेवायचे ते ज्येष्ठ मंडळींनी पाहिलं असेल. तांब्याची वाटी, बुडाला बारीक भोक, ती पाण्यावर सोडायची. भोकातून पाणी आत चढतं, आणि वाटी बुडाली की घटका भरली. 'घटका भरली' हा शब्द तिथलाच आहे. आणि 'घटकाभर बसा की' हे तर आपण रोज म्हणतो. मला काही असं म्हणायचं नाही की इटलीतल्या पोरानं आपली घटका उचलली. त्याचा टायमर त्याच्या परीक्षेतून आला, आपली वाटी मुहूर्तातून आली. पण माणूस एका बैठकीत मन लावून किती बसतो, याचा अंदाज दोघांचा जवळ जवळ पडावा याचा मला फार आनंद झाला.

आणि 'तास' हा शब्द बघा. घड्याळाचा तास. पूर्वी वेळेचा टोला ज्या धातूच्या थाळीवर द्यायचे ती थाळीही तास. आणि शेतात नांगरानं उमटते ती रेघ, पिकाची एक ओळ, तीही तास. सोयाबीनमध्ये एवढ्या तासांमागं तुरीचं एक तास, असं आपण पेरणीला म्हणतोच. मला हे फार सुंदर वाटतं की वेळ मोजायचा आणि रान मोजायचा शब्द आपल्याकडं एकच आहे. तास घड्याळाचं असो की रानाचं, त्याला सुरुवात असते आणि टोक असतं. टोकाला बैल वळतो, क्षणभर उभा राहतो, दम घेतो. तासाच्या मध्यात बैल कुणी थांबवत नाही.

माझी सगळी तक्रार तिथंच आहे. आपण कामावरच्या माणसाला तासाच्या मध्यात थांबवतो आणि टोकाला थांबू देत नाही.

मी जालन्यात हिशेब लिहायचं आणि कर सल्ल्याचं ऑफिस चालवते. आम्ही नऊ जण आहोत. बियाण्याचे दुकानदार, आडते, लोखंडाचे व्यापारी, दोन-चार जिनिंगवाले, असे आमचे पक्षकार. महिन्याच्या ११ तारखेला एक रिटर्न, २० तारखेला दुसरं, आणि सप्टेंबर आला की ऑडिट. २० तारीख गेली की दर दिवसाला दंड सुरू. त्यामुळं आमच्याकडं सगळंच अर्जंट. आणि सगळंच अर्जंट असलं की कुणीही कुणालाही केव्हाही हाक मारू शकतं. आपल्या ऑफिसांमध्ये ही हाक कशी असते माहीत आहे? 'एक मिनिट.' 'ताई, एक मिनिट.' 'दादा, जरा एक मिनिट येता का?' कुणी 'अर्धा तास द्या' म्हणत नाही. अर्धा तास मागितला तर समोरचा विचार करेल, आत्ता नको म्हणेल. एक मिनिटाला नाही म्हणणारा माणूस घमेंडी ठरतो. तुमच्यातल्या शिक्षकांना विचारते, वर्ग चालू असताना दारात शिपाई येतो, 'सर, एक मिनिट, माहिती भरून द्यायचीय,' तेव्हा फळ्यावरचं गणित कुठल्या पायरीवर राहतं? बँकेतल्यांना विचारते, नोटा मोजताना कुणी हाक मारली तर काय करता? पुन्हा पहिल्यापासून मोजता. नोटांचं निदान कळतं तरी की मोजणी मोडली. डोक्यातली मोजणी मोडते ती कळतच नाही.

आमची कशी मोडली ते सांगते. सप्टेंबरचा शेवट होता. एका आडत्याकडून वर्षभराच्या खात्याचा उतारा आला, कागदावरचा. त्याचं खातं आणि आमचं खातं जुळेना. फरक निघाला २७ हजारांचा. इथं हिशेबातले लोक बसले असतील, त्यांचे डोळे आत्ताच चमकले असतील. फरकाला नऊनं भाग गेला की समजायचं, रक्कम चुकलेली नाही, अंक उलटे पडलेत. ४५ चे ५४ झाले की फरक नऊचा. २७ हजार म्हणजे नऊ गुणिले तीन हजार. म्हणजे हजार आणि दहा हजारच्या घरातले दोन शेजारी अंक, ज्यांच्यात तीनचा फरक आहे, ते एकमेकांच्या जागी बसलेत. इतकं कळलं की अर्धी लढाई झाली. पण राहिलेली अर्धी म्हणजे वर्षभराची व्हाउचरं. संध्याकाळी साडेसहाला आम्ही तिघी ती गठ्ठ्यानं काढून बसलो. रात्री पावणेअकराला सापडलं. ४ लाख ८५ हजार २०० च्या जागी ४ लाख ५८ हजार २००.

ते व्हाउचर मी अजून जपून ठेवलंय. आमच्याकडं नोंद टाकली की व्हाउचरवर लाल पेननं बरोबरची खूण करायची पद्धत आहे. त्या व्हाउचरवर खूण अर्धीच होती. पेन खाली आलेलं, वर जायची रेघ सुरू होता होता थांबलेली, तिथं शाईचा एक ठिपका. ज्या मुलीनं नोंद केली होती ती तो कागद हातात घेऊन बघत बसली. काम चोख करणारी मुलगी. मग म्हणाली, 'ताई, तेव्हा तुम्ही बोलावलं होतं. एक मिनिट म्हणून.'

मला आठवत नव्हतं. एक मिनिट मागणाऱ्याला ते कधी आठवत नाही.

त्या रात्री तिला घरी सोडायला गेले. तिची आई दारात उभी होती, लेक एवढ्या उशिरापर्यंत ऑफिसात कशी म्हणून. माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्या महिन्यापासून मी या विषयाच्या मागं लागले.

सोफी लेरॉय नावाच्या संशोधिकेनं २००९ मध्ये याला नाव दिलं. तिचं म्हणणं असं, की एक काम अर्धवट सोडून माणूस दुसऱ्याकडं वळतो तेव्हा त्याचं सगळं लक्ष वळत नाही. थोडं मागच्या कामाला चिकटून राहतं. याला मराठीत काय म्हणावं असा विचार करत होते, तर शब्द चुलीपाशी सापडला: खरकटं. लक्षाचं खरकटं. आधीच्या जेवणाचं ताट न धुता त्यातच दुसरं वाढलं तर जी चव लागेल, ती त्या दुसऱ्या कामाला लागते. हाक मारणारा एक मिनिट घेतो, पण ताट धुवायचा वेळ वेगळा असतो आणि तो कुणाच्याच हिशेबात येत नाही.

तर मी टायमर आणला. ऑफिसात ठेवला. २५ मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी. आणि महिनाभरात तो फसला. कुणी म्हणायचं कुकर झाला, कुणी म्हणायचं परीक्षा सुरू झाली. पण थट्टेमुळं नाही फसला. एकाची सुट्टी चालू असायची तेव्हा दुसऱ्याचं काम रंगात असायचं. सुट्टीवरचा माणूस उठून कुठं जाणार? कामावरच्याच्या टेबलाशी. 'चहा घेता का?' झाली घटका मोडून. आणि मी टायमर लावून आत बसायची, मग मधेच बाहेर येऊन विचारायची, 'त्या जिनिंगचं कुठवर आलं?' आमच्याकडं एक वयस्कर लेखनिक आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी एक दिवस शांतपणे सांगितलं, 'ताई, आम्हाला पात लावून दिली, आता तुम्ही पण पात धरा की.'

पात. तो शब्द मी वीस-पंचवीस वर्षांनी ऐकला आणि मला माझी माय दिसली.

परतूर तालुक्यातलं आमचं गाव. माय दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची, सुट्टीच्या दिवशी मी मागं. शहरात वाढलेल्यांसाठी सांगते. दहा-बारा बाया कापसाच्या एका धुऱ्यावर ओळीनं बसतात. प्रत्येकीनं दोन-दोन तासं धरायची. तेवढी पट्टी म्हणजे तिची पात. सगळ्यांची पात एकदम लागते. खुरपं चालू होतं, केना, हराळी, कुंदा, जे येईल ते मुळासकट. गप्पा चालतात, पण हात थांबत नाहीत आणि कुणी कुणाला उठवत नाही. मी तहान लागली म्हणून मधेच माय माय करायला लागले की शेजारची म्हणायची, 'थांब गं बाई, पात लागू दे टोकाला. कायला उठवायलीस तिला?' एखादीच्या पातीत गवत दाट असलं, ती मागं पडली, तर शेजारची आपल्या पातीतून हात लांबवून तिचं थोडं काढून द्यायची. न बोलता. कारण रांग तुटली तर सगळ्यांचंच बिघडतं. पलीकडच्या धुऱ्याला पोचलं की सगळ्या एकदम उठायच्या. कमरेवर हात, पाठ सरळ, बाभळीखाली घागर, एक एक तांब्या पाणी. मिसरी. मग तोंड फिरवून परत नवी पात.

मला हे गोड करून सांगायचं नाही. मजुरी कमी होती. पाठ सरळ व्हायची तेव्हा मायच्या तोंडून जो आवाज निघायचा तो मला अजून ऐकू येतो. आणि मालक धुऱ्यावर उभा राहून 'उरका, उरका' करायचा. त्यानं कधी म्हटलं नाही, बायांनो बसा घटकाभर. ती विश्रांती मालकानं दिलेली नव्हती, पातीनं दिलेली होती. पात संपलीय हे सगळ्यांना दिसत होतं, म्हणून कुणाला विचारावं लागत नव्हतं आणि कुणाला कामचुकार म्हणता येत नव्हतं.

इटलीतल्या पद्धतीत मला कमी पडत होतं ते हेच. ती एकट्या विद्यार्थ्यासाठी जन्मली. ऑफिसात पात सगळ्यांची एकदम लागली पाहिजे आणि एकदम संपली पाहिजे. तरच

वाजलं. ऐकू आलं ना मागं? उठा मंडळी. पाच मिनिटं. पाणी प्या, खिडकीतून लांब बघा. मोबाईल खिशातच राहू द्या, का ते आल्यावर सांगते.

(यानंतर श्रोत्यांनी विश्रांती घेतली.)

बसून घ्या. संयोजकांनी प्रेमानं चहा आणला, त्यामुळं पाचाची पंधरा मिनिटं झाली. चहा छान होता, त्याबद्दल आभार. पण मी सुट्टीचा टायमर लावला नाही, ती माझी चूक. सुट्टीलाही टोक लागतं, ते तुम्ही आत्ता स्वतः पाहिलंत.

मोबाईलचं सांगते. सुट्टीत मोबाईल उघडणं म्हणजे आपली पात संपवून उठायचं आणि लगेच दुसऱ्याच्या रानात खुरपायला बसायचं. डोळे तेच, मान तीच, आणि वर नव्या रानाचं खरकटं. पाठ सरळ होतच नाही.

आणि विश्रांतीचा विषय निघाला की मला एक नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही: नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. त्यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, मागण्या लिहून काढल्या. त्यात रविवारची सुट्टी होती, आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांतीही होती. अर्धा तास! दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला अर्धा तास बसू द्या, एवढं मागायला सभा घ्यावी लागली, हजारोंच्या सह्या लागल्या. १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. पुढं स्वतंत्र भारतात १९४८ च्या कारखाने कायद्यानं सांगितलं, की सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, मधे निदान अर्धा तास विश्रांती. वाळूजच्या, शेंद्र्याच्या कारखान्यात भोंगा वाजतो आणि सगळे एकदम थांबतात, त्यामागं हा सगळा इतिहास आहे. आमच्यासारख्या नऊ माणसांच्या ऑफिसात भोंगा नाही. तिथं विश्रांती म्हणजे उपकार किंवा चोरी. माझ्या पिढीनं तर 'मी जेवायलाही उठले नाही' हे अभिमानानं सांगितलं. लोखंड्यांच्या महाराष्ट्रात हे अभिमानानं सांगायची गोष्ट नव्हे. यावर मी तासभर बोलू शकते, कारण

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं. मग प्रत्यक्ष टीममध्ये हे कसं करायचं, ज्यासाठी तुम्ही मला बोलावलंत, ते आता भराभर सांगते.

पहिलं, पुरावा. नॉर्मन मॅकवर्थ नावाच्या शास्त्रज्ञानं महायुद्धाच्या काळात रडारवर बसणाऱ्यांचा अभ्यास केला, १९४८ मध्ये तो छापला. लोकांना एका काट्याकडं बघत बसवलं. काटा टप्प्याटप्प्यानं सरकायचा आणि क्वचित दुप्पट उडी घ्यायचा, ती उडी टिपायची. पहिल्या अर्ध्या तासातच उड्या निसटायला लागल्या. माणसं झोपली नव्हती, आळशी नव्हती. मधे विश्रांती मिळाली की नजर पुन्हा ठिकाणावर यायची. म्हणून कंटाळवाणं, एकसुरी, पण चुकलं तर महागात पडणारं काम, म्हणजे आमची नोंदणी, तुमचं मार्कलिस्ट भरणं, सातबारे तपासणं, याला २५-३० मिनिटांची पात बरोबर बसते.

पण सगळ्या कामाला नाही. खातं जुळवायचं, उत्तराचा मसुदा लिहायचा, यात डोकं गरम व्हायलाच पंधरा मिनिटं जातात. तिथं २५ ला घंटा वाजली की राग येतो, आणि तो योग्य आहे. आम्ही सकाळी ५० मिनिटांच्या दोन पाती लावतो, मधे दहा मिनिटं. जेवणानंतर २५ च्या. आकड्याला चिकटू नका. कापसाची पात आणि सोयाबीनची पात सारख्या लांबीची नसते. लांबी कामावरून ठरवा, पण ठरली की सगळ्यांना एकच.

दुसरं, अमेरिकेतल्या लेस्ली पर्लो यांनी एका सॉफ्टवेअर कंपनीतल्या इंजिनियरांचा अभ्यास केला, तो १९९९ मध्ये छापून आला. त्यांनी त्याला शब्द वापरला 'वेळेचा दुष्काळ'. आपल्याला दुष्काळ शिकवायला कुणी नको. बहात्तर पाहिलेले लोक समोर बसलेत. आणि त्यांना हेही माहीत आहे, की पाऊस पडत नाही म्हणून दुष्काळ हे अर्धंच खरं. पडलेला वाहून जातो, तेव्हाही दुष्काळच. आठ तास रोज पडतातच. बांध नाही म्हणून वाहून जातात. पर्लोंनी तिथं बांध घालून पाहिला: आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी ठरलेला वेळ कुणी कुणाला हाक मारायची नाही, सगळ्या टीमनं एकदम. त्या टीमचं काम वेळेवर पूर्ण झालं. आणि मग पर्लो गेल्या, जुनं वळण परत आलं. का? कारण आग लागल्यावर धावणाऱ्याचंच कौतुक चालू राहिलं, आग लागू न देणाऱ्याचं कुणी केलं नाही. हे ऑफिसप्रमुखांसाठी सांगते. पात मोडून धावत आलेल्याला शाबासकी दिलीत, की दुसऱ्या दिवसापासून पात संपली समजा. आणि प्रमुखानं स्वतः पात धरली पाहिजे. काकांनी मला सांगितलं तेच.

तिसरं, उठण्याआधी खूण. खुरपणारी बाई धुऱ्यावर जाताना खुरपं मातीत रोवून जाते, परत आल्यावर हात कुठं घालायचा ते शोधावं लागत नाही. लेरॉय यांनीही पुढं हेच सुचवलं: काम सोडण्याआधी एक ओळ लिहा, कुठं थांबले आणि पुढं काय करायचं. अर्धं मिनिट लागतं. डोकं ते काम मग धरून बसत नाही. आमच्याकडं प्रत्येक टेबलावर पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा आहे, त्यावर लिहायचं. 'मार्चची व्हाउचरं, ११२ पर्यंत झाली, ११३ ची रक्कम पुन्हा बघ.' एवढंच.

चौथं, मागं पडलेल्याला हात. पात संपल्यावर विचारायचं, कुणाच्या वाट्याला गवत दाट आलंय? हे सुट्टीत विचारायचं नाही, सुट्टी सुट्टीच. नवी पात लागायच्या आधी दोन मिनिटं उभ्या उभ्या. आमच्या सगळ्या 'एक मिनिट'वाल्या हाका तिथं जमा होतात, आणि खरंच दोन मिनिटांत संपतात, कारण सगळे समोर असतात.

कुठं लावू नये तेही सांगते. दवाखान्यातली नर्स, आपत्कालीन फोनवर बसलेला माणूस, दुकानाच्या गल्ल्यावरचा, यांना कृपा करून टायमर लावू नका. त्यांचं कामच हाकेला ओ देणं आहे. त्यांना विश्रांती द्यायची तर आधी बदली माणूस द्या.

आणि शेवटचं, सगळीकडं विचारतात ते: फोनचं काय? पक्षकार फोन करणारच. बंद ठेवून चालत नाही. ज्वारी हुरड्यात आली की आपण काय करतो? सगळे काम टाकून पाखरं हाकत बसत नाहीत. एक जण माळ्यावर गोफण घेऊन बसतो, बाकीचे आपल्या कामात. आमच्याकडं पाळीपाळीनं एक जण राखणीवर असतो. सगळे फोन त्याच्याकडं. माझाही. तो नाव, वेळ, काम वहीत लिहितो आणि सांगतो, अमक्या वाजता ताई स्वतः फोन करतील. तेवढ्या वाजता करायचाच, ही माझी बाजू. ती एकदा चुकली तर लोक पुन्हा दारात येऊन उभे राहतात. आणि खरोखर आग लागली असेल तर राखणदारानं पात मोडायची, तो अधिकार त्याचा. गेल्या वर्षभरात फार थोड्या वेळा मोडावी लागली.

ती वही मी आज बरोबर आणलीय. हे परवाचं पान. राखणीवर तीच मुलगी होती, अर्ध्या खुणेवाली. अक्षर बघा, मोत्यासारखं. ११ वाजून १० मिनिटं, बियाण्याच्या दुकानातून फोन, 'ताईंना लगेच द्या, फार अर्जंट आहे, मार्चचं चलन सापडत नाही.' पुढं तिनं लिहिलंय, साडेअकराला फोन करतील असं सांगितलं. त्याच्या खालची ओळ, ११ वाजून २५ मिनिटं, तेच दुकान: 'राहू द्या म्हणावं, ड्रॉवरमध्ये होतं.'